ठिणगी, ठोकळ्या आणि प्रमाणित पट्टी

काटेकोरांनी टीव्हीच्या काचेला पोलादी पट्टी लावली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हलू देऊ नकोस. दोघांना तसंच धरून ठेव."

कन्येनं रिमोट दोन्ही हातांत धरून श्वास रोखला. पडद्यावर ठिणगी आणि ठोकळ्या एका कोसळणाऱ्या विमानात थिजून उभे होते. मागे आग लागली होती, खाली समुद्र होता, आणि वजनमापे खात्याचा एक अनुभवी निरीक्षक त्या दोघांच्या कोपरांमधलं अंतर मोजत होता.

काटेकोर हे काही त्यांचं खरं नाव नाही. ते बाजारानं ठेवलं आहे, आणि प्रेमानं ठेवलेलं नाही. हा माणूस दुकानात शिरला की तराजूंना घाम फुटतो. कापडवाल्याचा गज केसभर झिजलेला असला तरी यांच्या नजरेला तो लांबूनच दिसतो. मग ती पट्टी खिशातून बाहेर येते. पट्टी खात्याची आहे, तिच्यावर शिक्का आहे, आणि ती खिशात नसली की काटेकोरांना कपडेच घातले नाहीत असं वाटतं. अशा माणसाच्या घरी कन्या सोळा वर्षांची झाली की काय होतं, ते ज्यांच्याकडे झालंय त्यांना सांगायला नको. ज्यांच्याकडे व्हायचंय त्यांना सांगून उपयोग नाही.

नव्या कॉलनीत राहायला आल्यापासून कन्येच्या खोलीचं दार बंद होतं. बापलेकीचा संवाद म्हणजे "जेवलीस का" आणि दाराआडून "हं". तिला इथे मैत्रीण नव्हती आणि करायची इच्छाही दिसत नव्हती. काटेकोरांनी खूप प्रयत्न केले. अभ्यासाचं विचारलं, हवापाण्याचं विचारलं, एकदा तर दशमान पद्धतीचा रंजक इतिहास दारात उभं राहून सांगितला. त्यानंतर आतून कडी लागायला लागली.

आणि एके दिवशी त्याच दाराआडून आवाज आला, "त्यांचं प्रेम आहे. आंधळ्यालाही दिसेल. पुरावा कसला मागता?"

काटेकोरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दार ढकललं. "कुणाचं प्रेम? कोण मुलगा?"

"बाबा, कार्टून आहे," कन्या म्हणाली, आणि बऱ्याच महिन्यांनी हसली.

कार्टूनचं नाव 'ढगपथक'. पाच जणांचं पथक, दर रविवारी आकाशात कुणाला तरी वाचवतं. त्यातली ठिणगी विमान चालवते. अंगानं काडी, डोक्यानं भट्टी. ठोकळ्या मेकॅनिक आहे. देह कपाटासारखा, कमरेला पाना, आणि तोंडातून शब्द निघाला तर नशीब. या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे की ते नुसतेच सहकारी आहेत, यावरून हजारो माणसं फोनवर एकमेकांच्या उरावर बसली होती. होयवाल्यांची पुढारी होती कन्या. नाहीवाल्यांचा पुढारी 'थंड डोकं' या नावानं लिहायचा आणि तिच्या प्रत्येक मुद्द्याखाली एकच वाक्य टाकायचा: पुरावा द्या.

"ठोकळ्या तिच्याकडे कशा नजरेनं बघतो, ते सांगितलं," कन्या तावातावानं म्हणाली. "तर म्हणतो, नजर मोजता येत नाही."

मोजता येत नाही हे वाक्य काटेकोरांच्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"नजर राहू दे," ते म्हणाले. "अंतर मोजू."

तर अशी ती पट्टी टीव्हीला लागली. पहिल्या भागापासून सुरुवात केली. सुरुवातीला दोघांमध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. मध्यावर आलं तेव्हा ते चार बोटांवर आलं, आणि अगदी अलीकडच्या भागांत तर करंगळीही शिरणार नाही इतकं कमी झालं. कन्या सोफ्यावर उभी राहून नाचली. मग खाली बसली ती चक्क बापाच्या शेजारी. काटेकोरांना आभाळ ठेंगणं झालं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती म्हणाली, "अहो, टीव्ही पुसून ठेवा," पण तीही हसत होती.

कन्येनं ते मोजमाप फोनवरच्या चाहत्यांच्या गटात टाकलं आणि खाली ठसक्यात लिहिलं: मोजणारे माझे बाबा आहेत, सरकारी निरीक्षक आहेत, पट्टी शिक्क्याची आहे. गटात हलकल्लोळ माजला. होयवाल्यांनी काटेकोरांचे जयजयकार केले. थंड डोक्यानं मात्र लिहिलं, "घरात बसून काहीही मोजता येतं. सर्वांसमोर मोजा."

"बाबा, मोजाल?" कन्येनं विचारलं. "शेवटचा भाग रविवारी आहे. गावातलेच खूप जण आहेत गटात. बोलावू सगळ्यांना? मी कुणाला भेटलेच नाहीये अजून." हे शेवटचं वाक्य ती जमिनीकडे बघत म्हणाली.

आता यावर कोणता बाप नाही म्हणेल?

माणसं मोजली तर घरात मावणार नव्हती. म्हणून काटेकोर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे हॉल मागायला गेले. सेक्रेटरी म्हणजे एक सरळ काम वाकडं करून देण्याची सोय. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं.

"हॉल तीनच गोष्टींना मिळतो, साहेब. वार्षिक सभा, शोकसभा आणि लग्नकार्य. कार्टून यात कुठे बसतं?"

"तुम्हीच बसवा."

सेक्रेटरींनी बराच विचार केला. "शोकसभा घाला. तिला कुणी आडकाठी करत नाही."

"कुणाची घालू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. घरचंच कुणी असायला हवं असा नियम नाही."

काटेकोर भयंकर दुखावले. आयुष्यात ते एक ग्रॅमही खोटं बोलले नव्हते, आणि हा माणूस त्यांना अख्खा मुडदा खोटा पाडायला सांगत होता. ते ताठ मानेनं म्हणाले, "मी खरं तेच सांगणार. एक मुलगा आहे, एक मुलगी आहे. त्यांचं जमतंय की नाही हे सगळ्यांसमोर एकदाचं ठरवायचंय. बस."

"मग आधी नाही का सांगायचं," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर ठळक अक्षरांत झळकलं: रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये लग्नाची बोलणी. काटेकोर त्या फळ्यासमोरून चार वेळा गेले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते मनातल्या मनात ठिणगीचं कोपर मोजत होते.

तळमजल्यावरच्या काकूंचं मात्र लक्ष होतं. काकूंचं लक्ष नाही अशी गोष्ट या इमारतीत घडत नाही. त्यांनी काटेकोरांना पिशवीसकट गाठलं.

"भाऊजी, मुलगा काय करतो हो?"

काटेकोरांना वाटलं, कन्येनं काकूंनाही गटात ओढलं. त्यांना भरून आलं. "दुरुस्तीचं बघतो. विमानांच्या."

"विमानांच्या? मग चांगलंच आहे की. स्वभावानं कसा?"

"गरीब. महिन्यातून एखादं वाक्य बोलतो."

"अगदी हवा तसा," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे उलट झालं, ते मी अजून भोगतेय. आणि मुलगी?"

"पायलट आहे. पण तापट. परवा रागाच्या भरात तिनं एक पूल उडवला."

काकूंनी गालावर बोट टेकवलं. "पूल?"

"दुसऱ्या दिवशी बांधून दिला परत."

"मग काय हरकत आहे. हल्लीच्या मुली कर्तबगारच असतात. तुम्ही उगाच ताणून धरू नका, भाऊजी. असा मुलगा हातचा घालवू नका." आणि काकू घाईघाईनं निघून गेल्या, कारण ही बातमी पोटात ठेवणं त्यांच्या प्रकृतीला झेपणारं नव्हतं.

इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. पण शनिवारी काटेकोरांची दाढ ठणकायला लागली.

दाताच्या डॉक्टरीणबाई मोठ्या शांत बाई. कुणी कितीही ओरडो, यांचा हात हलत नाही. काटेकोर खुर्चीत आडवे झाले, आणि बाई हातमोजे चढवत होत्या तेवढ्या वेळात त्यांनी उत्साहाच्या भरात ढगपथक, पट्टी, वीत, चार बोटं, करंगळी आणि रविवार हे सगळं सांगून टाकलं. बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आ करा."

काटेकोरांनी आ केला. बाईंनी आत आरसा घातला, टोचणी घातली, कापूस कोंबला, आणि मग विचारलं, "सुरुवातीच्या भागांत चित्रं जवळून काढलेली आहेत, नाही?"

"आं," काटेकोर म्हणाले.

"आणि आता गोष्ट मोठी झाली. लढाया आल्या, डोंगर आले. आता सगळं लांबून दाखवतात. माणसं बोटभर दिसतात."

"आं."

"बोटभर माणसांमध्ये अंतर कितीसं दिसणार? लांबून सगळंच जवळ दिसतं. तुम्ही प्रमाण धरलंत का?"

काटेकोरांचे डोळे विस्फारले. दाढेचं दुखणं कुठल्या कुठे पळालं. त्यांना बोलायचं होतं, प्रतिवाद करायचा होता, आपल्या नोकरीची सगळी वर्षं पुढ्यात मांडायची होती. तोंडात कापूस होता.

"गुळणी करा," बाई म्हणाल्या. "रविवारी मी येईन."

वजनमापे खात्याचा निरीक्षक प्रमाण धरायला विसरला होता. शिंप्यानं सुई विसरावी, तसंच हे. काटेकोर सुजलेल्या गालानं घरी आले आणि त्यांनी सगळं पुन्हा मोजायला घेतलं. या वेळी माप धरलं ठोकळ्याच्या कमरेचा पाना. चित्र लहान असो की मोठं, पाना त्याच प्रमाणात लहानमोठा होतो. पाना किती वेळा बसतो ते बघायचं. पहिल्या भागात दोघांमध्ये दोन पाने बसले. मधल्या भागात बसले दोन. अगदी अलीकडच्या भागातही दोनच.

अंतर कमी झालंच नव्हतं. कोपरं होती तिथेच होती. थंड डोकं बरोबर होतं आणि काटेकोर शिक्क्याच्या पट्टीनं सपशेल चुकले होते.

ते कन्येच्या खोलीकडे गेले. दार सताड उघडं होतं. कन्या जमिनीवर पालथी पडून भलामोठा कागद रंगवत होती. त्यावर लिहिलं होतं, 'प्रमाणित पुरावा', आणि खाली पट्टी हातात घेतलेल्या एका माणसाचं चित्र होतं. माणसाला पोट जरा कमी दाखवलं होतं.

"बाबा, बघा ना. तुम्ही आहात," ती म्हणाली.

"छान आहे," काटेकोर म्हणाले आणि मूग गिळून परत आले.

बायकोला त्यांनी सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सांगितलंत तर ते दार पुन्हा लागेल. नाही सांगितलंत तर तुम्हाला झोप लागणार नाही. मला विचाराल तर झोपेच्या गोळ्या मिळतात." पण मग तिनंच उसासा टाकला. "तुम्ही सांगणारच. मला काय माहीत नाही?"

रविवारी हॉल ओसंडून वाहत होता. एका बाजूला ढगपथकाचे चाहते. त्यांत पिवळे स्कार्फ गुंडाळलेल्या ठिणग्या होत्या, कमरेला खरे पाने लटकवलेले ठोकळे होते, एक टक्कल पडलेला गृहस्थ कागदाचे पंख लावून आला होता. दुसऱ्या बाजूला सोसायटी इस्त्रीच्या कपड्यांत बसली होती. काकूंनी फुलांचा गुच्छ आणला होता. सेक्रेटरी कोट घालून आले होते आणि पाहुण्यांना आदबीनं विचारत होते, "आपण मुलाकडचे की मुलीकडचे?"

"आम्ही दोघांकडचे," पंखवाले म्हणाले.

"आमचा विरोध आहे या लग्नाला," मागच्या रांगेतून नाहीवाले ओरडले.

"विरोधही आहे का?" काकू खूश होऊन म्हणाल्या. "मग मी पुढेच बसते."

खुलासा करता करता काटेकोरांच्या नाकी नऊ आले. मुलगा-मुलगी चित्रातले आहेत हे कळल्यावर सेक्रेटरी नियमांचं पुस्तक आणायला उठले, पण काकूंनी त्यांचा कोट धरून खाली बसवलं. "बसा हो. चित्रातले असले म्हणून काय झालं, मुलगा गुणी आहे."

कन्या मात्र हवेत तरंगत होती. दोन ठिणग्या तिच्या गळ्यात पडल्या होत्या, सगळे तिला विचारत होते, तूच का ती, आणि ती प्रत्येकाला सांगत होती, "ते बघा, माझे बाबा." एवढ्यात दारातून दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. नाहीवाले अदबीनं उभे राहिले. काटेकोरांचा हात गालावर गेला. थंड डोकं ते हेच होतं, आणि कालच त्यांनी त्याच्यासमोर आ केला होता.

ते भिंतीवरच्या पडद्यासमोर उभे राहिले. पट्टी खिशातून काढली. कन्येनं तो रंगवलेला कागद डोक्यावर धरला होता. काटेकोर त्या कागदावरच्या सडपातळ माणसाकडे बघून म्हणाले, "माझं मोजमाप चुकलं."



"मी प्रमाण धरलं नव्हतं," ते कसेबसे पुढे म्हणाले. "काल पुन्हा मोजलं. दोघांमधलं अंतर कमी झालेलं नाही. दोन पाने. पहिल्या भागात तेवढंच, आत्ताही तेवढंच."

नाहीवाल्यांनी बाकं बडवली. होयवाल्यांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. कन्येच्या हातातला कागद हळूहळू खाली आला आणि तिचा चेहरा दिसला, तेव्हा काटेकोरांना वाटलं की झोपेच्या गोळ्या घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. लेकीला चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आणि तेही पहिल्याच भेटीत. त्यांना रडू यायला लागलं होतं.

"तेवढंच म्हणजे?" कन्येनं विचारलं.

"म्हणजे तेवढंच. जराही फरक नाही."

"वादळात?"

"वादळातही दोन पाने."

"विमान कोसळलं तेव्हा? सगळे इकडेतिकडे फेकले गेले होते."

"बाकीचे तिघे फेकले गेले," काटेकोर आठवून म्हणाले. "त्यांचंही मोजलं मी, ताळा करायला. त्यांची अंतरं वाट्टेल तशी बदलतात. हे दोघेच बदलत नाहीत."

कन्येनं कागद टाकून दिला. तिचे डोळे लकाकायला लागले होते. ती धावत पुढे आली. "बाबा, दोन पाने म्हणजे तिचा हात पोचेल एवढं ना? ती मागे न बघता हात करते आणि पाना तिच्या हातात येतो. दर वेळी. तो तिथेच असतो म्हणून येतो." ती गर्रकन मागे वळली. "आग लागली तरी तो तिथून हलत नाही. जगात कोण असं थांबतं, सांगा ना मला कुणीतरी."

 मग मागच्या रांगेतून काटेकोरांच्या बायकोचा आवाज आला. तिला एवढ्या माणसांत बोलायची सवय नव्हती. "आमच्याकडे हे सोफ्याच्या त्या टोकाला बसतात आणि मी या टोकाला. लग्न झाल्यापासून. तसूभर हलले नाहीत." आणि ती लाजून खाली बसली.

हॉल दणाणून गेला. पंखवाले गृहस्थ खुर्चीवर चढले, त्यांचा एक पंख पंख्यात अडकला. सेक्रेटरी टाळ्या पिटत होते. डॉक्टरीणबाई उठून शांतपणे म्हणाल्या, "मोजमाप मला मान्य आहे. अर्थ मान्य नाही. पण मोजमाप फारच चांगलं आहे." कन्येनं बापाच्या दंडाला असं काही घट्ट धरलं की उद्या तिथे वळ उठणार हे नक्की झालं.

मग शेवटचा भाग लागला. ठिणगीचं विमान ढगातून आगीसारखं खाली यायला लागलं. यंत्र अडकलं. ठिणगीनं मागे न बघता हात केला. ठोकळ्यानं कमरेला हात लावला, तर पाना मघाच्या स्फोटात कुठेतरी पडलेला. सगळ्या हॉलनं श्वास रोखला. काकूंनी सेक्रेटरींच्या कोटाची बाही पिळली. ठोकळ्यानं रिकाम्या हाताकडे बघितलं, ठिणगीच्या हाताकडे बघितलं, आणि मग पान्याच्या जागी आपलाच हात तिच्या हातात दिला. ठिणगीनं पहिल्यांदा वळून मागे पाहिलं. पडदा काळा झाला. ढगपथक संपलं.

"झालं," होयवाले किंचाळले. "पाना हरवला होता म्हणून," नाहीवाले ओरडले. डॉक्टरीणबाई चष्मा पुसत होत्या आणि डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगत होत्या. काकूंनी गुच्छ नेऊन पडद्याखाली ठेवला आणि जाहीर केलं, "ठरलं. आता उगाच फाटे फोडू नका." वाद पार रस्त्यापर्यंत चालू राहिला, आणि त्या वादात कन्येला तीन मैत्रिणी मिळाल्या. त्यांतली एक तर कट्टर नाहीवाली होती.

पुढच्या रविवारी ढगपथक नव्हतं. काटेकोर सवयीनं सोफ्यावर जाऊन बसले. पट्टी खिशात होती, पण मोजायला काही नव्हतं, त्यामुळे माणूस जरा खट्टू झाला होता. बायको आपल्या टोकाला होती. कन्या खोलीतून आली, फोनमध्ये डोकं घालून मधोमध बसली आणि वाद घालायला लागली. घरात कुणी आहे याची तिला शुद्ध नव्हती. थोड्या वेळानं तिनं मान वर न करता, मागे न बघता, नुसता हात बाजूला केला.

फोनची बॅटरी संपत आली होती. काटेकोर कधीपासून चार्जर हातात घेऊन तयार बसले होते.